सक्करऐवजी आस्वान

१२ ऑक्टोबर, रविवार

पालेगावला परसूदादाकडे जाऊन आलो. अकरावा मजला, वारा फार. त्याच्या जन्मगावी, पाकिस्तानात सिंधूकाठच्या सक्करला, जायचा व्हिसा याही खेपेला नाही. दोनदा अर्ज केला, दोनदा काही नाही. त्यात पासपोर्टवर जन्मठिकाण 'कल्याण कॅम्प'. फाळणीनंतर सहा वर्षांचा पोरगा छावणीतल्या शाळेत घातला, तेव्हा हेडमास्तरांनी सरसकट सगळ्या सिंधी पोरांचं तसंच लिहिलं. एकेकाचं गाव कोण विचारत बसणार? वडीलही दमलेले, म्हणाले, 'लिखो.' आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी कागद म्हणतो, हा माणूस सक्करचा नव्हेच.

प.दा. म्हणाला, "दत्तू, माझा जन्म कुठे झाला ते मला सोडून सगळ्या सरकारांना माहीत आहे."

दोघं हसलो. 

१५ ऑक्टो., बुधवार

दाताच्या डॉक्टरकडे जुनं मासिक चाळताना एक चित्र. आस्वान, इजिप्त. नाईल नदी. अलीकडच्या काठावर खजुराची झाडं, पलीकडे नुसती रेती, मधे बेटं, पांढऱ्या शिडांच्या होड्या. कंपाउंडरला विचारून पान फाडून घेतलं, तसाच रिक्षाने पालेगावला.

प.दा.ने चष्मा दोनदा पुसला. "हे कोणी काढलं? हे तर सक्कर!"

"दादा, हे इजिप्तमध्ये आहे."

"असू दे साईं. नदी आहे, रेती आहे, मधे बेट आहे. चल जाऊ."

ठरलं. इतकं सोपं. सत्तरहून जास्त वर्षांची दोस्ती, आणि आमची मजल महाबळेश्वरपर्यंत. अट त्याची एकच, धावपळ नको. चार दिवस. सकाळी घाटावर बसायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी परत घाटावर. पिरॅमिड नकोत. "मेलेल्या राजाला भेटून काय करू?"

बायकोला, सुमनला, सांगितलं. "आधी गुडघे दाखवा डॉक्टरांना. आपली उल्हास नदी पावसाळ्यात जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागते, तेव्हा माळ्यावर तोंड फिरवून बसता. आणि म्हणे नाईल!"

२३ ऑक्टो., भाऊबीज

प.दा. मांजर्लीला आमच्याकडे आला, मुलाला, नरेशला, घेऊन. सुमनला सख्खा भाऊ नाही, चाळीस वर्षं ती यालाच ओवाळते. आज त्याने ओवाळून घेतलं आणि पाच मिनिटांनी तिलाच विचारलं, "बाई, नाव काय तुमचं?" सुमनला वाटलं चेष्टा. मलाही तसंच वाटलं. वाटू दिलं.

मग दोघंच नदीवर गेलो. त्याने आखो वाहिला. तांदूळ, साखर, ओंजळ कपाळाला लावून पाण्यात. सिंधी माणूस नदीला देतो तसं. पाणी हिरवट, कडेला प्लास्टिकच्या पिशव्या.

"इथे टाकलं तर तिकडे पोचतं का रे?"

मी म्हटलं, सगळं पाणी शेवटी समुद्रात जातं, तिथे नद्या एकमेकींना...

"कविता नको सांगू. पोचतं का ते सांग."



२ नोव्हेंबर, रविवार

आस्वानची माहिती इकडून तिकडून जमवून वहीत मराठीत उतरवली आहे. आज त्याला वाचून दाखवली. बाल्कनीत, पायांवर शाल. वाचता वाचता एक वाक्य अडखळायला लागलं. 'नाईलच्या काठी संध्याकाळ उतरते.' नाईल हा शब्द मला कधी गाताच येत नाही, इस्पितळातल्या सामानासारखा वाटतो. सहज 'सिंधूच्या काठी संध्याकाळ उतरते' असं वाचलं. लय बसली. आणि प.दा.ने डोळे मिटले.

मग पुढे सगळीकडे सिंधूच वाचलं.

शाळेत आमचे वर्ग एकाच बराकीत. मधे गोणपाटाचा पडदा. सिंधी शाळा लांब म्हणून वडिलांनी त्याला मराठीत घातला होता. मी पहिलीत, तो चार वर्षं पुढे. त्याच्या वर्गाच्या कविता पडद्याआडून ऐकून मला आधीच पाठ. त्याला अर्थ कळत नसे, चाल मात्र माझ्यापेक्षा पक्की. आज तसाच ऐकत होता. अर्थाकडे न बघता.

९ नोव्हें., रविवार

आजचं वाचन. बेटालाही सक्करजवळच्या बेटाचं नाव दिलं, साधबेलो. त्याच्या लहानपणी आई होडीतून तिथल्या देवळात नेई. तो मला दुरुस्त करत होता. पायऱ्या उजवीकडे नाहीत, डावीकडे. नावाड्याचा एक डोळा अधू. त्याच्या होडीत कबुतराचा पिंजरा. आईने त्याला मांडीत घट्ट धरलेलं, तिच्या कपड्यांना हळदीचा वास. मी भराभर वहीत घेत होतो. आता वहीत आस्वान किती आणि सक्कर किती, मलाच वेगळं करता येणार नाही.

जया, त्याची सून, चहा ठेवून जाताना म्हणाली, "अंकल, पापा रविवारची वाट बघतात. इतकं तर जेवणाची पण नाही बघत."

घरी येताना रिक्षात मोठ्याने कविता म्हणत होतो. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

१६ नोव्हें., रविवार

वर गेलोच नाही. नरेशने खाली पार्किंगमध्येच गाठलं.

प.दा.ने वॉचमनला सांगितलंय, सक्करला चाललो. कानपूरच्या मावसबहिणीला फोन करून विचारलं, तुला सक्करहून काय आणू? ती म्हातारी फोनवर रडली. मग तिने नरेशला फोन केला.

"अंकल, डॉक्टरने मे महिन्यातच सांगितलं, विसरण्याची बीमारी सुरू झालीय. मी कोणाला बोललो नाही. पण आपने ये क्या डाल दिया उनके दिमाग में?"

आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं.

म्हणायचं होतं, मला सांगायला हवं होतंस. नाही म्हणालो. भाऊबीजेला माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं ते.

नरेश म्हणाला, तिकिटं धरून ठेवली आहेत, तिघांची, १७ जानेवारी. गुरुवारपर्यंत नक्की करायचं. "मला न्यायचंय त्यांना. पण आधी साफ सांगा, इजिप्त आहे, सक्कर नाही. त्यांना समजलं आणि तरी हो म्हणाले, तर जाऊ. वहाँ जाके टूट गए तो कौन सँभालेगा, आप या मैं?"

मीच सांगायचं. बरोबर आहे. दुसऱ्या कोणी का सांगावं?

१८ नोव्हें., मंगळवार

सांगितलं.

नकाशा घेऊन गेलो होतो. हे इजिप्त, दादा. हे सक्कर. मधे एवढं सगळं. तो नकाशावरून बोट फिरवत राहिला.

"मग तू वाचत होतास ते?"

"नावं मी बदलली."

"का?"

"ऐकायला बरं वाटत होतं."

"कोणाला?"

मी नकाशाची घडी घातली. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती हनुवटी हलत होती, लहान मुलाची हलते तशी. म्हणाला, "म्हणजे ती नदी नाही." मी म्हटलं, नाही. "होडीवाला पण नाही." नाही. "बरं," म्हणाला. हात माझ्या हातातून काढून घेतला आणि शालीत घातला.

चहा झाला. तो खुर्चीतच झोपला. उठून जावं असं फार वाटलं. बसून राहिलो.

चार वाजता जागा झाला. छान हसला. "अरे दत्तू, कधी आलास? ऐक, जानेवारीत तिकडे कडक थंडी. कानटोपी घे."

"तिकडे म्हणजे कुठे, दादा?"

"सक्करला रे! मी म्हातारा आणि विसरतोस तू?" जयाला हाक मारून सांगितलं, बघ, कवी विसरला. मग माझ्याकडे वळून, "सतराला ना?"

मी हो म्हणालो.

वाचताना बदललं ते लयीसाठी होतं, निदान मी तसं समजत होतो. या 'हो'ला लय वगैरे काही नाही.

१९ नोव्हें., बुधवार

रात्रभर टक्क जागा. सकाळी सुमनला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"मग पुन्हा सांगा."

"पुन्हा तोच चेहरा बघू? आणि किती वेळा? दर वेळी त्याला पहिल्यांदाच कळणार."

"मग नका जाऊ."

"मग तो कुठेच जाणार नाही. पालेगावच्या बाल्कनीतच..."

एक जुडी निवडून संपवली, मग म्हणाली, "आई शेवटी शेवटी मला ताई म्हणायची. तिची ताई जाऊन तीस वर्षं झालेली. मी ओ द्यायचे."

मला एकदम हायसं वाटलं. तिला ते दिसलं असावं.

"पण अहो, मी ओ द्यायचे ती घरात बसून. ताईकडे नेते असं सांगून तिला गाडीत नव्हतं घातलं."

जुड्या उचलून आत गेली.

२० नोव्हें., गुरुवार

अकराला नरेशचा फोन.

"अंकल, पापाला सांगितलं?"

"सांगितलं." खोटं नाही.

"समझ गए?"

"त्या वेळी समजलं होतं त्याला." हेही खोटं नाही. पण पुढचं, दुपारी चार वाजताचं, तोंडातून निघेना.

तेवढ्यात मागून प.दा.चा आवाज, खणखणीत. "दत्तू आहे? त्याला विचार, स्टेशनवर उतरलो की घरापर्यंत टांगा मिळेल ना?"

 फोनवर त्यांच्या बाल्कनीतला वारा ऐकू येत होता.

मग नरेश म्हणाला, अगदी हळू, "अंकल, आता तुम्हीच बोला. कन्फर्म करू?"

सहापर्यंत वेळ मागून घेतला. सहाला तिकिटं सुटतात.

दुपारी जेवलो नाही. कुठल्या तरी कवितेत आधार मिळेल म्हणून इतक्या आठवून पाहिल्या. सगळ्या चालीत नीट आल्या. एकीनेही काही सांगितलं नाही.

पावणेसहा. सुमन दोनदा दारात येऊन गेली, काही न विचारता. मनातल्या मनात नरेशला आतापर्यंत तीनदा उत्तर देऊन झालं. दोनदा नाही म्हणालो, एकदा हो. हो म्हणालो तेव्हा चार वाजताचंही सगळं सांगितलं होतं. तेच आधी सांगायचं ठरवून फोन उचलला.