सोंडंवरचे धोंडे

आबा, रातभर डोळ्याला डोळा न्हाई माझा. लेकराला ताप हाय, पण ताप काय, दात येताना बी यायचा. भेव हाय ते आवाजाचं. सोंडंची माती घडीघडीला पाण्यात पडत राहिली.

सोंड म्हणजे तीच, गावातून आत्याच्या वस्तीवर यायची. दोन्ही अंगाला धरणाचं पाणी आन मधी एका बैलगाडीपुरती जमीन. आत्याच्याच पोराला दिली मला, म्हणून आता आत्या माझी सासू आन तीच माझी सासरची वाट. तुम्ही गेलात तवा मी चौथीत व्हते. शाळा तिथंच सुटली, लिहिण्यात चुकलं तर हसू नका.

मला तो अहमदपूरचा बाजार याद येतो. तुम्ही लाल चपला घेऊन दिल्या आन तशीच आत्याकडं आणली. गाव संपलं की तुम्ही वाकता, एक धोंडा उचलता, खांद्यावर घेता. वस्तीवर जाणाऱ्यानं, पाव्हणा का आसंना, एक धोंडा न्यायचा आन सोंडंच्या कडंला ठिवायचा, आशी रीत. मी चपलांकडं बघत पुढं पळाले. तुम्ही आर्ध्यातून हाक मारली, "रिकाम्या हातानं चाललीस व्हय गं?"

"आबा, चपला घाण हुत्यात."

"हुंदी. सोंड गेली तर आत्याकडं उडत जाशील का?"

मी रडत मागं गेले, लिंबाएवढा धोंडा आणला. तुम्ही हसला न्हाईत. तुमच्या मोठ्या धोंड्याच्या फटीत तो बसवला आन म्हणलात, "बघ, तुझ्याबिगर ही फट उघडीच राहिली असती."

आता सगळ्याकडं मोटारसायकली. गाडीवर धोंडा कोण घेतंय? वस्तीतले बाकीचे गावात राह्यला गेले, आमचंच एक घर उरलं. त्यात औंदा उन्हाळ्यात पाणी हटलं तवा ह्यांनी रानात टाकायला गाळ काढला. लांबून आणायचा कटाळा, म्हणून जेसीबी सोंडंच्या बुडालाच लावली. मी म्हणलं, "आवो, बूड नका उकरू." तर म्हणले, "तुझ्या बापाचे धोंडे हायेत की, धरतील." जेसीबीवाला बी हसला. सोयाबीन लई भारी आलं व्हतं आबा. आता पाण्याखाली हाय.

काल सांच्याला हे लेकराचं औषध आणायला गेले. हे पल्याड टेकले न टेकले तोच मधी भगदाड पडलं. सकाळी पल्याडून वरडून राहिले व्हते, पाण्याच्या आवाजात काही ऐकू येईना. मंग कुठं गेले, ठावं न्हाई. लाईट न्हाई, मोबाईल बंद पडलाय. पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलंय. आत्या म्हशीचं दावं धरून बसलीय.

"माझ्या भावानं पोसलेली सोंड हाय ती. जात नसती."

"गेली, आत्या."

"गप बस. तोंडाला काही बी येतंय तुझ्या."

घरात धोंडा म्हणावा आसा एक वरवंटाच व्हता. तो घेऊन मी सोंडंवर गेले आन भगदाडात टाकला. बसला न्हाई आबा. डुबुक झालं, बस.

हे तुम्हाला कुठं धाडू? साखरंच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावते. एक सांगायचं राहिलं. परवा मुदखेडहून दादाचा फोन आल्ता, "गाडी घेऊन येऊ का न्यायला?" आत्या म्होरंच बसलेली. माहेरी पळाली म्हणून जलमभर टोमणे मारील, म्हणून मी म्हणलं, "कशाला? सोंड पक्की हाय."

ज्याला कुणाला ही बरणी घावंल, त्यानं माझ्या दादाला फोन करा. नंबर ह्या कागदामागं हाय, लेकराच्या हातावर बी पेनानं लिहिलाय. हातावरला पुसला तर पोटावर बी लिहिलाय. दादाला म्हणावं, ती खोटं बोलली व्हती, तू ये.