उजवीकडून पहिली चौकट

१९ जानेवारी १९९७, रविवार

जे. पी. नगरच्या रद्दीवाल्याकडे चक्कर. अमेरिकन कॉमिक्स एकही नाही, कॉलेजची मुलं आधीच येऊन गेलेली. कोपऱ्यात टेलिफोन डिरेक्टरीएवढे चार जाड ठोकळे, सगळे चित्रांचे, जपानी. तिकडच्या कारखान्यातला कुणी साहेब घर रिकामं करून गेला म्हणे. मुखपृष्ठं गळालेली. कुठून सुरू, कुठे संपतं, देव जाणे. शाईकाम बघायला म्हणून उचलले.

घरी चाळले. रंग नाही. बशीएवढे डोळे. एक मुलगी बूट काढून ठेवते, त्याला दोन पानं. दोन पानांत आमच्या कॉमिकचा लोहबाहू धरण वाचवतो, चोर पकडतो आणि वर भाषणही देतो.

नलू चारही ठोकळे तिच्या खोलीत घेऊन गेली. वाचता येत नाही तर करणार काय, विचारलं. "बघते," म्हणाली. बावीस वर्षांची मुलगी. दिवसभर लग्नपत्रिकांच्या दुकानात कॉम्प्युटरपुढे डोळे फोडायचे आणि घरी येऊन हे.

३ मार्च, सोमवार

ऑफिसात दोन नव्या आर्टिस्टांची पानं टेबलावर. नेहमीसारखी विस्कटलेली. चौकटी कापल्या, जागा बदलल्या, रबर सोल्यूशनने चिकटवल्या, पांढऱ्या राहिलेल्या जागांत इमारती भरल्या. संध्याकाळी छपाईला. चित्र काढणाऱ्याला विचारायची पद्धत आमच्याकडे नाही. अंक हातात आला की त्याला कळतं आणि तोच आभार मानायला येतो. चोवीस वर्षं हेच चाललंय. लोहबाहू मी काढतो, पण मालक म्हणतात, तुझी खरी कला कात्रीत. हे कौतुक की काय, अजून ठरवलेलं नाही.

घरी उरलेलं काम. नलू दाराशी येऊन उभी होती बहुतेक. चौकट पुरी करून वळलो तर नव्हती.

२२ जून, रविवार

नलूनं जपानी भाषेचा क्लास लावला. शिकवणाऱ्या बाई जपानीच, नवरा इथे इंजिनियर. सौ.चा प्रश्न: जपानी शिकून चिकपेटेतल्या दुकानात बोलणार कुणाशी?

जेवताना वाद.

"अण्णा, तुमचा लोहबाहू कधी दमतो का?"

दमायला वेळ कुठे, बत्तीसच पानं असतात, मी म्हणालो. सौ. हसली, नलूही हसली. मग म्हणाली की अमेरिकन गोष्टीतला माणूस पहिल्या पानापासून आपल्याहून मोठा असतो, आपण नुसतं खालून बघायचं. जपानी गोष्टीत माणूस गप्प बसलेला असतो आणि आपण त्याच्या शेजारी बसतो. मला नाही पटलं. चित्रात काहीतरी घडलं पाहिजे. गप्प बसलेली माणसं बघायला आमचं घर काय कमी आहे?

१० ऑक्टोबर, शुक्रवार. आयुधपूजा.

ब्रश धुतले. कात्री, पट्टी, शाईच्या दौती पाटावर. हळदकुंकू, शेवंती. नलू हळूच आली आणि पाटाच्या कडेला एक टाक आणि तीन निबा ठेवून गेली. म्हणजे काढतेय. सौ.ला विचारलं तर तिला माहीत होतं. म्हणे, रोज पहाटे पाच ते सात, दुकानात जायच्या आधी. माझ्यापासूनच लपवलेलं.

सौ.नं निबा कडेच्या उचलून मध्ये, माझ्या ब्रशांजवळ ठेवल्या. पूजा झाली. आज कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. आम्ही दोघं बापलेक दिवसभर हात चोळत बसलो. बरं वाटलं. का ते माहीत नाही.

१७ जानेवारी १९९८, शनिवार

मालकांनी बोलावलं. लोहबाहूचे गठ्ठे स्टॉलवरून परत येताहेत. त्यांचा नातू टी.व्ही.वर जपानी कार्टून बघतो, त्याच्या वर्गातली सगळी मुलं तेच बघतात. तेव्हा लोहबाहूचे डोळे स्वल्प मोठे करा, हनुवटी टोकदार करा. सरी, बरं, म्हणालो. नोकरी आहे.

घरी करून बघितलं. नऊ कागद वाया. लोहबाहू बेडकासारखा दिसतो. नलूला दाखवलं. हसेल वाटलं होतं. हसली नाही, तेच लागलं.

"डोळे मोठे केले म्हणून होत नाही अण्णा. आधी थांबावं लागतं."

पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे सांगायचं. राग आला. ती खोलीत गेल्यावर कागद परत बघितले. तिचं खरं आहे. मला थांबलेला माणूस काढता येत नाही. हात आपोआप त्याला ढकलतो.

२८ मार्च, शनिवार. पाडवा.

मालकांचा निरोप: मेचा अंक शेवटचा. पुढे शाळेच्या पुस्तकांच्या आकृत्या काढायच्या. पचनसंस्था, ज्वालामुखी. सौ. म्हणाली सणाच्या दिवशी तोंड पाडून बसू नका. बेवु-बेल्ल पुढे केलं. आज कडुलिंब आणि गूळ एकत्र खायचा असतो. मला गूळ लागला नाही.

२६ एप्रिल, रविवार

नलूची गोष्ट पुरी झाली. चोवीस पानं. आज पहिल्यांदा दाखवली. म्हणजे दाखवली नाही, फाईल पुढे केली आणि काम सांगितलं. जपानी बाई १६ मेला कायमच्या परत चालल्यात. त्यांच्या गावी एक मासिक नवख्यांची चित्रं बघतं. छायाप्रत चालत नाही, मूळ पानंच लागतात. बाई स्वतः घेऊन जाऊन देणार. बोलण्याचे फुगे कोरे सोडलेत, त्यात बाई जपानी लिहितील.

मला काम काय? काळं भरायचं. केस, सावल्या, रात्रीचं आकाश. "तुमचं काळं माझ्यापेक्षा सपाट बसतं," म्हणाली.

पंचवीस वर्षांत एवढं चांगलं कुणी बोललं नव्हतं. तिला सांगितलं नाही. इथे लिहितो.

१ मे, शुक्रवार

सौ. आणि नलू बेळगावला, मावसबहिणीच्या लग्नाला. मंगळवारी येतील. मला सुट्टी नाही, हे निमित्त. खरं म्हणजे पानं.

३ मे, रविवार

काल सगळं काळं भरून झालं. सकाळी सुकलेली पानं शाईचे डाग तपासायला एकेक हातात घेतली आणि पहिल्यांदा सलग बघितली.

पोरीचा हात चांगला आहे, माझ्या तिच्या वयातल्या हातापेक्षा चांगला. पण रचना पार उलटीपालटी. पहिल्याच पानावर पेला फुटलेला, मग मुलगी पेला घेऊन येते. तिसऱ्यावर आधी दार बंद, मग ती आत शिरते. पानामागून पान हेच. आणि मध्येमध्ये नुसत्या पांढऱ्या चौकटी, त्यात भिंतसुद्धा नाही. घाईत राहिल्या असतील. दुकान सांभाळून करते बिचारी.

हे असं तिकडे गेलं तर पहिल्या पानालाच बाजूला टाकतील. कात्री घेतली. तेवीस पानं कापली, जुळवली, जाड कागदावर चिकटवली. पांढऱ्या चौकटींत खिडक्या, भिंती, समोरच्या इमारती शाईने भरल्या. गेल्या कित्येक वर्षांत असं जीव लावून काम केलं नव्हतं. जेवायचंही भान नव्हतं.

शेवटच्या पानाला मात्र कात्री लावावी लागली नाही. तीनच चौकटी. टेबलाशी बसलेला माणूस मान वळवून मुलीकडे बघतो. मग पाठ फिरवून कामाला लागतो. मग दारात नुसती मुलगी. उदास आहे, पण बरोबर आहे. खुर्ची माझीच काढलीय, मोडक्या हाताची. छान जमलीय.

५ मे, मंगळवार

दुपारी आल्या. नलूनं बॅगही खाली ठेवली नव्हती, मीच फाईल पुढे केली. तिनं पहिलं पान बघितलं. दुसरं. मग भराभर बघितली नाहीत, एकेक करून सगळी बघितली.

"अण्णा, हे उजवीकडून वाचायचं असतं."

मी म्हणालो, काय?

"जपानी. उजवीकडून डावीकडे. पान बरोबर होतं."

मी पांढऱ्या चौकटींचं विचारलं. त्या पांढऱ्याच होत्या, म्हणाली. त्यात शांतता होती.

रडली नाही. ओरडली असती तर मला काही करता आलं असतं. केराच्या टोपलीतले कापलेले कडेचे तुकडे वेचत बसली, ते जुळणार नाहीत हे माहीत असून. सौ. माझ्याकडे बघत होती. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

७ मे, गुरुवार

शिवाजीनगरात रोज बस बदलतो. स्टॉलवर उर्दू पेपर टांगलेले असतात. उजवीकडून डावीकडे. पंचवीस वर्षं बघतोय. डोक्यात आलं नाही. नलू ते जपानी ठोकळे मागून उघडून बसायची, तेही बघितलं होतं. वाटलं, वाचता येत नाही तर कुठूनही उघडते.

आणि समजा नसतं माहीत. विचारता तर आलं असतं. बेळगावला फोन होता. नंबर सौ.नं भिंतीवर लिहून ठेवला होता. ऑफिसात चित्र काढणाऱ्याला विचारायची पद्धत नाही, आणि मी ऑफिस घरी आणलं.

१६ मे, शनिवार

बाई आज गेल्या. नलूनं दहा दिवसांत पुन्हा काढायचा प्रयत्न केला. पाच पानं झाली. मीच म्हणालो मी मदत करतो. "नको अण्णा," एवढंच. पाचही फाडली. पुढच्या वर्षी टपालाने पाठव, बाई म्हणाल्या म्हणे. नलूनं हो म्हटलं. तिचं हो मला कळतं.

३१ मे, रविवार

लोहबाहूचा शेवटचा अंक स्टॉलवर आला. शेवटच्या पानात तो ढगांत उडत जातो. खाली लिहिलंय, पुन्हा येईन. येणार नाही. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१२ जुलै, रविवार

नलूला के. आर. पुरमकडे नोकरी मिळाली, कॉम्प्युटरवर परदेशातल्या पावत्या उतरवायच्या. रोजचं जाणंयेणं जमणार नाही म्हणून तिकडेच मैत्रिणीबरोबर खोली. आज सामान नेलं. कपडे, कुकर, पांघरूण. जपानी ठोकळे ठेवून गेली. टाक आणि निबाही.

पाया पडली. जपून राहा, म्हणालो. आमचं भांडण झालेलं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं.

९ ऑगस्ट, रविवार

नलू आली, जेवली, सौ.शी हसली, मला औषधं वेळेवर घेता का विचारलं. पाहुण्यासारखी. चारला गेली.

ती गेल्यावर माळ्यावरची फाईल काढली. तेवीस पानांकडे बघवत नाही. माझ्या इमारती. एकेक वीट नीट काढलेली. शेवटचं पान तेवढं अखंड. तिच्या हातचं, जसंच्या तसं.

बोट उजवीकडे ठेवून वाचलं. दारात मुलगी उभी. टेबलाशी बसलेल्या माणसाची पाठ. मग तो माणूस मान वळवून तिच्याकडे बघतो. संपलं.

मी ते उलटं वाचलं होतं आणि म्हणालो होतो, बरोबर आहे.

खुर्ची माझी म्हणून ओळखली. कानावर पेन्सिल आहे, बनियनला खांद्यावर भोक आहे, ते ओळखलं नाही. पोरीनं वर्षभर पहाटे उठून चोवीस पानं काढली, ती या एका चौकटीसाठी, त्यानं वळून बघावं म्हणून. मी खरोखर कधी वळलो होतो का, आठवायचा प्रयत्न केला. वळल्याचं आठवतं. तेव्हा दारात कुणी नव्हतं.

१६ ऑगस्ट, रविवार

नलू आली तेव्हा ते पान समोर ठेवलं. आता उजवीकडून वाचलं, म्हणालो.

तिनं पान उचललं, बराच वेळ बघितलं. "बरं झालं वाचलंत," म्हणाली. पान परत फाईलमध्ये ठेवलं. पुन्हा काढशील का, विचारलं.

"माहीत नाही अण्णा. आता काढायला बसलं की कात्री दिसते."

मग सौ.नं चहा आणला.

३० सप्टेंबर, बुधवार. आयुधपूजा.

नलूला सुट्टी नाही म्हणे. फोन केला होता, सौ.शी बोलली. मी रिसीव्हर मागितला तेव्हा पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली म्हणे, तिनं फोन ठेवला.

ब्रश, पट्टी, दौती. कात्री ठेवली नाही. सौ.नं बघितलं. नलूचा टाक आणि तीन निबा मी मध्ये ठेवल्या. एक निब गंजलीय. राख लावून घासली, पूर्ण गेला नाही गंज.

१ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

सकाळी हत्यारं पाटावरून उचलली. आज थोडं तरी काम करायचं असतं. टेबल फिरवलं. इतकी वर्षं ते खिडकीजवळ, उजेड डावीकडून, पाठ दाराकडे. आता तोंड दाराकडे. उजेड चुकीच्या बाजूने येतो. हाताची सावली कागदावर पडते, रेघ नीट दिसत नाही. सौ. म्हणाली, अशानं डोळे जातील. जाऊ देत.

ज्वालामुखीची एक आकृती पुरी केली. त्यात संध्याकाळ झाली. प्रत्येक रेघेनंतर वर बघत होतो, म्हणून वेळ लागला.