तुझ्यानंतर मी

रविवार, ९ मार्च

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच. खाली वाकलं की गरगरतं.)

पत्र मिळालं. वरची खोली माझ्यासाठी रंगवलीस आणि रंग सरकारांनी निवडला, म्हणजे तो पिवळा हे ओघानं आलंच. तुझ्या लेकीला चौतिसाव्या वर्षीही दुसरा रंग मंजूर नाही. इकडे नववीच्या पोरांना संस्कृत शिकवणं चालू आहे. अजून तरी त्यांचीच बाजू वरचढ आहे.

कायमची राहायला कधी येतेस, असं विचारतोस. ते टाळायचं होतं, म्हणून हे शाळेचं पुराण लावलं.

माझ्या पायात रक्ताची गाठ झाली होती, ते तुला ठाऊक आहे. शरीराची राखणदार फौजच उलटते आणि आपलं रक्त गोठवते, असा तो आजार. गोळ्या चालू आहेत. पण मध्यंतरी फळ्यावर लिहिताना हातातून खडू पडला आणि तासभर तो हात माझा नव्हताच. मग मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण, पण भाष्यकारांच्या कुळातला. सोपं होतं ते आधी अवघड करून घेतलं. शेवटी मी म्हटलं, "बाळा, मराठीत सांग."

तेव्हा म्हणाला, "बाई, तुम्ही सत्तेचाळीसच्या, पण या नळ्या सत्तरीच्या झाल्यात. या आजारात असं लवकर होतं. जपलंत तर बरीच वर्षं निघतील. हमी मात्र मला देता येणार नाही."

तू त्रेसष्टचा.

दादा, तुझी सगळी व्यवस्था माझ्या धाकटेपणावर उभी आहे. वहिनी गेली त्या दिवशी तू सरकारांकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि मी होकाराची मान हलवली. तीच मान आता भरवशाची राहिली नाही.

सुट्टी लागली की येते. पण आपण दोघं धड आहोत तोवर सरकारांसाठी तिसरं माणूस शोधायचं, नाहीतर तिच्यासारख्या मनानं लहानच राहिलेल्यांना सांभाळणारं एखादं चांगलं घर, आणि तिला तिथं हळूहळू रुळवायचं. तू चिडशील. खुशाल चीड, पण नाही म्हणू नकोस.

परवा तिचा फोन आला होता. "आत्या, तू बाबापेक्षा लहान ना? मग बाबा गेला तरी तू असणार ना?"

मी "हो" म्हटलं. "बरं," म्हणाली आणि चहा प्यायला गेली.

तुझी,
वयानं अजूनही धाकटी