लिंबोणीचा मुक्काम

४ मार्च
— आणि कुंडी फुटली ती नेमकी नव्या घरासमोरच्या बागेच्या फाटकात. मुळांचा गड्डा ओढणीत धरून आत शिरले. माळी जेवायला गेला होता. कोपऱ्यातल्या वाफ्यात खड्डा केला, आईची लिंबोणी उभी केली, माती दाबली. कोणी पाहिलं नाही. नव्या घराला गॅलरी नाही. तिला दुसरी जागाच नव्हती.

५ मार्च
एक पान आणलं. आईने ते चुरगाळून हुंगलं. या घरात आल्यापासून ती पलंग सोडत नाही. डॉक्टर म्हणतात, पायांना काही झालेलं नाही.
"रुळली का गं ती?"
रुळली, म्हटलं.

११ मार्च
बाग इवलीशी. दोन बाकं, एक नळ. दुपारी सावल्यासुद्धा हलत नाहीत. वाटतं, आपण कोणाच्या तरी झोपेत बसलो आहोत, बोललो तर ते जागे होतील.
माळी नळी ओढत आला. स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, या वाफ्यात फुलझाडांखेरीज काही दिसलं की साहेब उपटायला लावतात. मी नळाकडे बघत राहिले. तो गेल्यावर बाटलीभर पाणी घातलं.
आई म्हणते, स्वप्नात ती जिना उतरत असते. पायऱ्या संपतच नाहीत.

१८ मार्च
पानं पिवळी पडताहेत. उन्हाने असेल. आता रोज संध्याकाळी दोन बाटल्या. आईसाठी हिरवं पान शोधावं लागलं.

२३ मार्च
माळ्याने बाटलीसकट पकडलं. आता उपटणार, वाटलं.
"ताई, तुम्हीपण घालता होय? मी रोज सकाळी घालतोय. म्हटलं, कोणीतरी जीव लावून ठेवलंय."
दोघांनी मिळून बुडवली तिला! माती चिखल झाली आहे. तो हसला, मग मुळांपाशी बोट घालून हुंगलं आणि म्हणाला, मुळं कुजायला लागलीत.
आईला सगळं सांगून टाकलं. फुटलेल्या कुंडीपासून.
"मेली का?"
अजून नाही, म्हटलं.
"मग रडतेस कशाला!" आणि भिंतीकडे कूस वळवली.

२४ मार्च
सकाळी पलंग रिकामा. दाराशी तिच्या चपला नाहीत. खिडकीतून पाहिलं. आई वाफ्याच्या कडेला बसली होती, आणि ती बोट दाखवेल तिथली माती माळी उकरत होता. मी खाली गेले नाही. चहा ठेवला.