मागची सीट हवी की नको

४ एप्रिल ८७, शनि.

आज परत ट्रक. गेले तीन शनिवार आमचं देवदर्शन म्हणजे ट्रकवाल्याचं दुकान. सगळा दोष शेजारच्या डॉनचा. गुडघे दुखतात म्हणून त्याने आपला कॅम्पर आम्हाला देऊन टाकला. पिकअपच्या पाठीवर ठेवायची खोलीच ती: आत शेगडी, सिंक, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर येईल असा पलंग. ट्रक मात्र त्याने आधीच विकलाय. आता ती खोली आमच्या ड्राइव्हवेत चार लोखंडी पायांवर उभी. नाल सापडली म्हणून घोडा घ्यायला निघालोय आम्ही!

ऑगस्टमध्ये मेधाला ओरेगनला कॉलेजात सोडायला यातूनच जायचं, रानं-डोंगर बघत. आई पॅथॉलॉजिस्ट, बाप तेलवाला इंजिनियर, आणि एकुलती एक लेक फॉरेस्ट्री शिकणार. असो. त्यावर माझं रडून झालंय.

घोडं अडलंय कॅबपाशी, म्हणजे पुढच्या बसायच्या केबिनपाशी. रेग्युलरला एकच आडवी सीट, तिघं खेटून. एक्स्टेंडेडला मागे दोन घडीची स्टुलं, तीही खिडकीकडे तोंड केलेली. त्यावर बसलेला माणूस खेकड्यासारखा ओरेगनला पोचेल. क्रू कॅबला चार दारं आणि मागे ऐसपैस सीट. मला क्रू कॅब हवी. अ. म्हणतो रेग्युलर बास. (नवऱ्याचं पूर्ण नाव इथेही लिहवत नाही, नागपूरचे संस्कार.)

का रेग्युलर? "नंतर दोघंच तर उरणार."

एवढं बोलून हा टायर बघायला गेला. असा संताप आला! पोरगी शिकायला चाललीये, नांदायला नाही. तिची जागा आत्तापासूनच कापायची? सेल्समनला म्हटलं, चार दारांचीच दाखवा.

७ एप्रिल, मंगळ.

संध्याकाळी डॉनच्या कुंपणाशी. मला वाटत होतं ट्रक म्हणजे ट्रक, टाका वर काय हवं ते. तसं नाही! पाठीवर किती वजन घ्यायचं ते ठरलेलं असतं. त्यात कॅम्पर आला, टाकीतलं पाणी आलं, आपण आलो, माझी भांडी आली. आणि कॅब मोठी घेतली की तिचं वजनही त्यातूनच जातं. म्हणजे माणसांना जागा दिली की सामान कमी.

दुसरं म्हणजे कॅम्परचा जड भाग मागच्या चाकांच्या पुढे पडायला हवा. मागे गेला तर ट्रक पुढून हलका होतो, स्टिअरिंग ऐकेनासं होतं. घरी येऊन मेधाचा लहानपणचा खेळण्यातला ट्रक माळ्यावरून काढला, त्यात नारळ ठेवला. मागे सरकवला की पुढची चाकं अधांतरी. परत पुढे, परत मागे. काय मजा! इतके दिवस हे कुणी सांगितलं कसं नाही? भात करपला.

अ. वजनाचा हिशेब करायला बसला. "प्रेशर कुकर कशाला?"

"मग काय पाइनची फळं उकडून खायची?"

कुकर राहिला. क्रू कॅबवर मात्र काट मारलेली दिसली. मी ती खोडली.

११ एप्रिल, शनि.

कागदावर काही कळेना. म्हणून सकाळी गराजमधून गाड्या बाहेर काढल्या आणि फरशीवर रांगोळीने तिन्ही कॅब काढल्या, खऱ्या मापाच्या. दिवाळीची उरलेली पांढरी पुरली नाही, क्रू कॅब गुलाबी झाली. आत घडीच्या खुर्च्या. मी प्रत्येकीत बसून बघितलं, मांडी घालून, पाय सोडून, डुलकी काढल्यासारखं करून. डॉन डोकावला. "पूजा आहे का?" म्हटलं, हो, वाहनाची, वाहन यायचंय.

अ. क्रू कॅबच्या नाकापासून कॅम्परच्या शेपटीपर्यंत टेप धरून चालत गेला तो थेट रस्त्यावर. तिथूनच ओरडला, "बघ, तुझी गाडी इथे संपते!" शेजारणींनी पडदे सरकवले.

तेवढ्यात मेधा सोड्याचा कॅन घेऊन आली. गेला महिनाभर ती घरात पाहुण्यासारखी वावरतेय, फोन नाहीतर खोलीचं दार. आज थांबली. तिन्ही चित्रं नीट बघितली. मला वाटलं आता ही माझ्या गुलाबी मागच्या सीटवर बसणार. तर ही सरळ रेग्युलरमध्ये शिरली आणि ड्रायव्हरच्या खुर्चीवर बसली!

"यू ड्रू द होल थिंग, आई. कोण चालवणार ते विचारलंच नाही."

लायसन्स आहे तिच्याकडे. आम्ही दोघं महिनाभर भांडतोय ते तिला कुठे ठेवायचं यावर. अ. पोट धरून हसला. मला नाही हसू आलं.

१२ एप्रिल, रवि.

मेधाला विचारलं, मागे तुला हातपाय पसरता येतील, झोपता येईल, का नको?

"बॅकसीटमध्ये आय फील लाइक लगेज."

लगेज! जिच्यासाठी मी अख्ख्या दुकानाशी भांडतेय ती म्हणते लगेज. करायला जावं एक. दिवसभर डोक्यात तेच.

१८ एप्रिल, शनि.

क्रू कॅब चालवून बघितली. म्हणजे मेधाने. अ. शेजारी. मी मुद्दाम मागे बसले, बघू तरी काय असतं ते.

असतं असं: सीट मऊ, पाय लांब, आणि काही म्हणजे काही ऐकू येत नाही. एसी पुढच्यांसाठी. एप्रिलच्या मध्यावरच आमच्या टेक्ससमधल्या शुगर लँडने घामाच्या धारा लावल्या होत्या. पुढे दोघं बोलत होते. वणवा लागून गेल्यावर रान परत कसं उगवतं, असलं काहीतरी. मेधा एक हात सोडून सांगत होती, अ. मान डोलवत होता. मी "काय? काय?" करत पुढे वाकत होते. शेवटी मागे टेकले आणि त्या दोन डोक्यांकडे बघत राहिले.

म्हणजे हिला जवळ ठेवायचं म्हणून मी हिला इथे बसवणार होते! इथून तर खुद्द मीच लांब.

पण म्हणून रेग्युलर? नाही. मागे बसून काय कळलं ते अ.ला सांगितलं नाही. जिंकल्यासारखं करेल.

२२ एप्रिल, बुध.

जेवणानंतर भांडण झालंच. मी म्हटलं, तुला ती यायलाच नकोय परत, म्हणून दोघांची गाडी घेतोस. वाईट बोलले. कळलं बोलतानाच, पण जीभ कुठे थांबते.

अ.ने वजनाच्या हिशेबाचा कागद घडी घालून ठेवला. मग म्हणाला, "जाताना तिघं. येताना दोघं. आरशात सतत ती रिकामी सीट दिसणार. ओरेगन ते टेक्सस. मला नाही जमणार गं."

लग्नाला वीस वर्षं झाली. "मला जमणार नाही" हे शब्द याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. मग स्वतःच उठून चहा केला त्याने. बिनसाखरेचा निघाला. दोघांनी प्यायला.

म्हणजे मला सीट हवी ती जिच्यासाठी, याला नको तीही तिच्यासाठीच. आता काय भांडणार कप्पाळ!

२५ एप्रिल, शनि.

तिघं दुकानात. एक रेग्युलर, एक क्रू कॅब, शेजारी शेजारी उभ्या. सेल्समन म्हणाला सोमवारपर्यंत सांगा, दुसरं गिऱ्हाईक आहे. नेहमीच असतं.

मी मेधाला स्पष्टच विचारलं. थँक्सगिव्हिंगला येशील ना? ख्रिसमसला? आपण कुठे गेलो तर तू असशील ना बरोबर?

"मे बी, आई. आय डोन्ट नो यट." खोटं नाही बोलली. एवढं मात्र खरं. तिथल्या तिथे तिला धरून रडावंसं वाटलं, पण सेल्समन पेन पुढे करून उभा होता.

२६ एप्रिल, रवि.

सकाळी मेधाने उठवलं. "चल." कुठे? तर हिने काल माझ्या मागे सेल्समनला पटवून रेग्युलर ट्रक आजच्या दिवसापुरता मागून आणलाय. कॅम्परशिवाय. शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये नेला आणि मला म्हणाली, बस. चालव.

मी? मी घर ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते देशी किराणा. आतल्या आतल्या रस्त्यांनी.

"आई, तू मला विचारत असतेस मी कुठे बसणार, मी कुठे बसणार. मी विचार करतेय तुमच्या परत येण्याचा. डॅडना लंचनंतर झोप येते. यू नो दॅट. मग आळीपाळीने चालवणार कोण?"

आम्हाला वाटत होतं हिच्या डोक्यात फक्त जाणं आहे.

चालवला. उंच बसलं की भलतंच बरं वाटतं! आपणच राजे. रिव्हर्स घेताना तिने दोनदा किंचाळून "आई!!" केलं, मी एकदा खांब वाचवला. पाठीवर कॅम्पर आला की मागचं काही दिसणार नाही म्हणाली, बाजूच्या आरशांत बघायची सवय आत्तापासून कर. मग सीटवर सरकून अगदी माझ्याजवळ बसली, माझ्या हातावर हात ठेवून गिअर दाखवत. इतक्या जवळ ती कित्येक महिन्यांत बसली नव्हती. मी मुद्दाम गिअर चुकवत राहिले.

घरी अ.ने विचारलं, "मग? उद्या काय सांगायचं त्यांना?"

मी म्हटलं, मेधाला विचार. मेधा म्हणाली, "आईला विचारा. येताना चालवणार ती आहे."

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी आजवर हायवेला गाडी घातलेली नाही.