बिनवासाची बाटली

प्रिय दादा,

तुझ्या काउंटरवर दिवसभर लोकांची पाकिटं येतात, त्यात हे एक तुझं आहे, आमच्या लेबलांच्या प्रेसचा शिपाई आजच हातोहात देऊन जाईल. वर लाल पेनाने 'खाजगी' लिहून तीनदा अंडरलाइन केलंय, म्हणजे तुझ्या शेजारी बसणारे ते चौकस गृहस्थ फोडणार नाहीत. फोन का नाही केला, असं म्हणशील. ड्यूटीवर तू फोन उचलत नाहीस, आणि घरी उचललास की लगेच स्पीकरवर टाकतोस, कारण कडेवर तुझी लेक गोटी असते. हे स्पीकरवर बोलण्यासारखं नाहीये. म्हणून लंच ब्रेकमध्ये आमच्या कटिंग मशीनच्या मागे, पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसून लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घे, तुझ्या बहिणीला इंग्लिश मीडियमला तुम्हीच घातलंत. आणि प्लीज, आधी सगळं वाच. अर्ध्यातच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. बातमी चांगली आहे. म्हणजे, शेवटी चांगली आहे.

गोटीबद्दल आहे. गेले सहा आठवडे घरात दुसरा विषयच नाही, ते काय मी तुला सांगू! आधी कपाळावर ती लव दिसली, मग गालांवर, मग पाठीवर. वहिनी म्हणाली उजेडाचा भास असेल. मग शेजारच्या काकूंनी येऊन, न विचारता, गोटीची हनुवटी वर करून बघितली आणि म्हणाल्या, "अगंबाई, मुलीच्या जातीला हे बरं नव्हे हो." वहिनीने त्यांना चहासुद्धा विचारला नाही. मग डॉक्टर, मग रक्त, एकदा शीर सापडली नाही म्हणून परत रक्त. मी तिचे पाय धरले होते ना त्या दिवशी, दादा, सात महिन्यांच्या बाळात एवढी ताकद असते हे मला माहीत नव्हतं. आणि आता गुरुवारी मोठ्या हॉस्पिटलमध्ये तपासणी, सकाळपासून उपाशी ठेवायचं, कुठल्या तरी ग्रंथीत बिघाड आहे का ते बघायचं. तू 'होईल सगळं ठीक' म्हणतोस आणि रोज अर्धं ताट तसंच ठेवून उठतोस.

आता मी थोडी मागे जाते. चिडू नकोस, लिंक आहे.

तुला आठवतं, दोन वर्षांपूर्वी तुमच्या ऑफिसात कॅमेरे बसवले आणि त्याचा स्क्रीन नेमका तुझ्या समोरच्या भिंतीवर लावला? पहिल्या दिवशी तू त्यात बघून शेजाऱ्याला विचारलंस, "हा माझ्या खुर्चीत कोण बसलाय रे टकलू?" आणि मग तू डोकं खाजवलंस, तर त्या टकलूनेही खाजवलं. हे तू मला सांगितलंस तेव्हा मी एवढी हसले की मला ठसका लागला. तूही हसलास. पण मग हळूच म्हणालास, "हिला बोलू नकोस हं." लग्नात वहिनीच्या मैत्रिणींनी तिला विचारलं होतं, काय बघून हो म्हणालीस, आणि ती पटकन म्हणाली होती, केस. सगळा हॉल हसला होता. तू ते मनाला लावून बसला असशील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. तू मला शपथ घातलीस, आणि मी घेतली, कारण मला कधी नव्हे ते माझ्या दादाचं काहीतरी काम करायला मिळणार होतं.

आणि मी ते काम काय सिरीयसली घेतलं! घरात मला लेबलवाली म्हणता ते उगाच नाही. केस उगवायची सात सीरम, सात रकाने. आत काय आहे, किती टक्के, वास, चिकटपणा, किती दिवसांत फरक, पुरावा आहे की नुसती जाहिरात. तू म्हणालास, "सीरम निवडतेस की माझ्यासाठी दुसरी बायको?" कांद्याचं वापरलंस तर वहिनी तीन दिवस कांद्याची टोपली बदलत होती, तिला वाटलं खालचे कांदे सडलेत. कॉफीवाल्याने काही झालं नाही, फक्त तुला झोप लागत नाही असं तू म्हणायचास. तेही तुझ्या मनाचे खेळ. एकाने उशीवर असा डाग पडला की तू चादरीसकट उशी धुवायला टाकलीस, आणि वहिनीला संशय आला की तुला ताप आहे. शेवटी मीच हात टेकले आणि म्हटलं, दादा, वासाबिसाचं सोड, औषधवालंच घे. मिनॉक्सिडिल. तेवढ्याचाच धड पुरावा आहे. स्किनच्या डॉक्टरांना विचारून घे, असंही म्हटलं होतं. तू गेला नाहीस, का तर कार्डावर लिहितील आणि कार्ड वहिनी फाइलला लावते.

पण बाटली तुला आवडली. वास नाही, रंग नाही, लावून सुकलं की पत्ता लागत नाही. आणि सहा महिन्यांनी तू त्या स्क्रीनचा फोटो काढून मला पाठवलास, मागच्या बाजूला जरा जरा काळं दिसत होतं. मी ऑफिसात ओरडले. आमच्या प्रूफवाल्या काकांनी विचारलं, लॉटरी लागली का? मी म्हटलं, त्याहून भारी!

बाटलीबरोबर मी तुला एक कागद करून दिला होता, सूचनांचा. पत्रकातल्या सूचना इंग्लिशमध्ये, बारीक अक्षरात, तू वाचणार नाहीस हे मला माहीत होतं, म्हणून मी सोप्या मराठीत काढल्या. कोरड्या केसांना लाव, जास्त लावलं म्हणून जास्त उगवत नाहीत, असं सगळं. त्यातल्या दोन ओळी मी गाळल्या. एक हात धुण्याची, कारण म्हटलं हे काय सांगायचं, मोठा माणूस आहे. आणि एक लहान बाळांची, कारण तेव्हा घरात बाळ नव्हतं. दादा, मी ती ओळ वाचली होती. वाचली आणि गाळली. गोटी झाली तेव्हा मी दवाखान्यात सगळ्यात आधी पोचले, पेढ्यासारखी वाटत सुटले सगळ्यांना बातमी, पण मला ती ओळ आठवली नाही.

काल सकाळी आठवली. आठवली म्हणजे, समोर आली. आमच्याकडे औषधांच्या खोक्यातली पत्रकं छापायच्या आधी मोठ्याने वाचतात. एकाने नवा कागद वाचायचा, दुसऱ्याने जुन्यावर बोट ठेवून ऐकायचं, स्वल्पविरामसुद्धा बोलायचा. काल माझी वाचायची पाळी, काका ऐकायला. दुसऱ्याच कंपनीचं पत्रक, पण औषध तेच, आणि मराठीतलं. मराठी मी अजून बोट फिरवत एकेक शब्द वाचते ना, इंग्लिशसारखी नजर पळत नाही. मी वाचतेय, "औषध लावल्यावर हात साबणाने धुवा पूर्णविराम औषध लावलेल्या जागेचा किंवा हातांचा लहान बाळांना स्पर्श होऊ देऊ नका पूर्णविराम बाळाच्या अंगावर" आणि माझं बोट तिथेच थांबलं. काका म्हणाले, "पुढे?" मी तीच ओळ पुन्हा बघतेय. "अगं बाई, पुढे 'जास्त केस' आहे ना? की खोडलंय?" मी तो कागद त्यांच्या हातात दिला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

कारण मला सगळं दिसलं. तू संध्याकाळी घरी येतोस, वहिनी किचनमध्ये असते, तू कपाटाचं दार उघडून त्याच्या मागे उभा राहतोस, बुटांच्या डब्यातून बाटली काढतोस. तूच मला ॲक्टिंग करून दाखवलं होतंस. चार सेकंदांत काम तमाम, बोटं पँटला पुसायची, आणि लगेच गोटीला उचलायचं म्हणजे वहिनीला वाटावं तू केव्हाचा तिच्याशीच खेळतोयस. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. नळ सोडायचा नाही, कारण मग वहिनी विचारणार हात कशाला धुतलेस. मग त्याच हाताने तू तिच्या कपाळावरून, गालावरून, पाठीवरून हात फिरवत बसतोस, ती झोपेपर्यंत. आणि झोपते कशी? तुझ्या डोक्याला गाल लावून. जिथे जिथे तू लाड केलेस ना दादा, तिथे तिथे केस आलेत.

आता थांब. उठू नकोस खुर्चीतून. मी काल दुपारीच गोटीच्या डॉक्टरांना फोन केला. आधी नाव सांगितलं नाही, पण त्यांनी आवाजावरून ओळखलं, पाय धरणारी आत्या ना तू, म्हणाल्या. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी लगेच विचारलं, "हे मला पहिल्याच दिवशी कुणी का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, हे अगदी जुळतंय. लावणं आजपासून बंद, उशा-चादरी धुवा, आणि गुरुवारी हॉस्पिटलला न जाता आधी माझ्याकडे या, बाटली घेऊन. त्या तिचे ठोके आणि प्रेशर एकदा नीट बघतील, ते बघावं लागतं म्हणाल्या. बाकी स्पर्श थांबला की हे केस काही महिन्यांत आपोआप गळून जातात. सुई नको, उपाशी ठेवणं नको. तिच्या आई-बाबांना आत्ताच सांग, असंही म्हणाल्या. मी हो म्हटलं. दादा, आपली गोटी आजारी नाहीये, असं त्या जवळजवळ बोलल्याच! तुझ्या ऑफिसच्या भाषेत, पार्सल बरोबर पोचलं, फक्त एक नग शेजारच्या घरी गेला, एवढंच झालंय.

चूक कुणाची, तर अर्धी माझी आहे, मी ती तुला देणार नाही. आणि तुझे केस राहिले पाहिजेत असं तुला अजूनही वाटत असेल तर त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, यावेळी मात्र खऱ्या डॉक्टरकडे जा, घरात बाळ आहे हे सांग, मी बरोबर येते. मी आता कुठलाही रकाना आखणार नाही.

एवढंच असतं तर मी काल संध्याकाळीच घरी येऊन सांगितलं असतं. आलेच होते मी. तू अजून यायचा होतास. वहिनी गोटीला मांडीवर घेऊन बसली होती, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तुला एक सांगते, तुझ्या दादाला सांगू नकोस." गोटी पोटात असताना, सहाव्या महिन्यात तिला खूप सर्दी झाली होती, तू टूरवर होतास, तिने डॉक्टरांना न विचारता घरातली एक गोळी घेतली होती. एकच. तिला वाटतंय हे सगळं त्या गोळीमुळे झालंय. सहा आठवडे ती हे उरावर घेऊन फिरतेय, रोज तुझ्याकडे बघते आणि गप्प बसते, कारण तिला भीती वाटते की तू तिला माफ करणार नाहीस. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण माझ्या तोंडून ऐकलं असतं तर तिला गोळीचं ओझं उतरवताना हेही कळलं असतं की नवऱ्याने दोन वर्षं लपवलं आणि नणंदेला ठाऊक होतं. म्हणून मी एक रात्र गप्प बसले, आणि ती रात्र तिने पुन्हा तशीच काढली असणार, हे मला आज सकाळपासून खातंय. तिची शपथ मी मोडली, तुझीही मोडायला तयार आहे. आपल्या घरात शपथा फार झाल्यात. हे पत्र त्यासाठी आहे, दादा. आज घरी गेलास की बूट काढ, हात धू, नळ मोठा सोड, आणि ती बाटली तिच्या हातात दे. गोळीबद्दल तू काही विचारू नकोस, तुझं ऐकलं की ती आपणहून सांगेल, आणि तेव्हा तू फक्त ऐकून घे. आज, उद्या नाही. आठ वाजता मी येतेय. दार नेहमीप्रमाणे वहिनीच उघडेल, आणि तिचा चेहरा बघून मला लगेच कळेल. कालच्यासारखाच असेल, तर चपला काढायच्या आधी मी सांगून टाकेन.

तुझीच,
लेबलवाली