रुबाची खुर्ची

रविवार, ७ जुलै

परत रुबाच! मंगळवारी संसदेच्या पाणी समितीपुढे आमच्या पाणीपुरवठा मंडळातर्फे तीच बोलणार. आमचे साहेब मुनीर बेग म्हणाले, "सुहाद, उत्तरं तू लिही. वाचेल रुबा. ती टीव्हीवर बरी दिसते."

म्हणजे स्वयंपाक मी रांधायचा आणि वाढताना मिरवणार ही! कालची आलेली पोरगी. हो, जळते मी. निदान इथं तरी खरं लिहिते.

सोमवार, ८ जुलै

उत्तर लिहून दिलं. 'रुम्मान टेकडीवर दर आठवड्याला पाणी सोडले जाते.' बेगांनी सांगितलं तसंच.

मी त्याच टेकडीवर राहते. महिना होत आला, गच्चीवरच्या टाक्या ठणठणीत. आईला केस धुवायचेत, तेही टँकर येईल तेव्हा. संध्याकाळी शेजारच्या उम्म राइदनं जिन्यात अडवलं. "नमाजाआधी पाणी नसेल तर मातीनं हात पुसायची मुभा आहे. भांड्यांनाही आहे का, विचार की तुझ्या साहेबाला!" मी हसले आणि सटकले.

मंगळवार, ९ जुलै

रुबा गेलीच नाही!! चहावाले अबू जलाल सगळ्या मजल्यांवर सांगत सुटलेत — "फाइल बेगांच्या टेबलावर ठेवली. मान हलवली. एक शब्द नाही! डोळ्यांत पाणी. खोटं वाचणार नाही म्हणजे नाही!" बैठक पुढच्या मंगळवारवर गेली.

अख्खं ऑफिस तिच्या पायाशी लोळतंय. 'वाघीण आहे पोरगी.' आणि ते खोटं लिहिलं कुणी? मी. अंगाचा तिळपापड झाला नुसता. सुंदर तर ती होतीच, आता साध्वीही झाली.

बुधवार, १० जुलै

रुबा रजेवर. तिच्या टेबलावर कुणीतरी फुलं ठेवलीत. मेली फुलं.

गुरुवार, ११ जुलै

समितीपुढची खुर्ची मला! बेग म्हणाले, "तू वाच. तू समजूतदार आहेस." इतकी वर्षं ज्यासाठी तळमळले ते मिळालं. घरी पळतच आले. आईला सांगितलं, तर ती म्हणते, "ती खोटं न वाचणारी रुबा कोण गं? आज तिच्यासाठी दुआ मागितली मी."

माझी आई! माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी! ताट तसंच सरकवलं.

मंगळवार, १६ जुलै

आजचं सगळं लिहायला हवं.

नवा निळा कोट घालून गेले. समोर समितीचे अध्यक्ष, खासदार मिफ्लिह. म्हातारे, मिशीवाले. मी कागद उघडला, तोच ते म्हणाले, "थांब पोरी. मंडळातल्या एका मुलीनं हे वाचायला नकार दिला, असं कानावर आलंय. ती तूच का? शाबास!"

सगळे माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. आणि मला सांगावं लागलं, "नाही. ती दुसरी."

त्यांचं तोंड उतरलं. "बरं. वाच मग."

ते 'बरं' काळजात रुतलं. तिथंही रुबाच! न येता भाव खाऊन गेली! मला राहवलं नाही. म्हटलं, "हे मी लिहिलंय, साहेब. आणि हे खोटं आहे. मी रुम्मान टेकडीवरच राहते. महिनाभर थेंब नाही. पाणी कुठल्या वस्तीला खरंच सुटलं, ते मंडळाला ठाऊक आहे. तुम्हाला मात्र ते कळू द्यायचं नाही."

मागं बेग खोकायला लागले. सत्यासाठी बोलले म्हणावं, तर तेही खोटं. रुबाच्या वरचढ व्हायचं होतं, बस्स.

बुधवार, १७ जुलै

बदली. जुन्या मीटरांच्या गोदामात.

रविवार, २१ जुलै

समितीनं मंडळाला मंगळवारी परत बोलावलंय, या वेळी शपथेवर. नळाला अजून पाणी नाही. उम्म राइदनं मात्र वाटीभर मुलुखियाची पालेभाजी आणून दिली. टोमणा न मारता!

सोमवार, २२ जुलै

रुबा घरी आली. कुनाफ्याची मिठाई घेऊन. एक गाल जरासा सुजलेला.

"नकार? मी कुठं दिला? त्या सकाळी अक्कलदाढ काढली होती! तोंडात कापसाचे बोळे, बोलू कशी? म्हणून मान हलवली. मग सगळे सलाम ठोकायला लागले. अशा वेळी कोण नाही म्हणेल, सांग!"

मला हसावं की तिचं डोकं फोडावं कळेना.

उद्या त्या खुर्चीत तीच बसणार आहे. बेगांनी पुन्हा 'दर आठवड्याला'च लिहून दिलंय.

"पण ते वाचू कसं आता? आज संसदेचा पास आणायला गेले, तर दारावरचा शिपाई विचारतो, 'सुहादबाईंच्या ऑफिसातल्या का तुम्ही?' उद्या खरं बोलण्यावाचून माझी सुटका नाही. वाटोळं केलंस माझं!" डोळे पुसले तिनं. "जळते मी तुझ्यावर."

माझ्यावर!